एका भांड्यातलं औषध

४ मार्च

स्वरयंत्रावरच्या गाठी काढल्याला आज तिसरा दिवस. डॉक्टरांचा हुकूम असा की पाच आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. ऐकलं नाही तर उरलेलं आयुष्य घोगऱ्या फुसफुशीवर काढावं लागेल. चाळीस वर्षं मी ट्रकच्या फळीवरून आणि कारखान्यांच्या फाटकांवरून बोलत आले. आता तोंडात मूग धरून भावजयीच्या घरात बसले आहे. सामानात भाषणांच्या टिपणांसाठी एक कोरी वही होती, तिच्यात हे लिहिते आहे. कुठेतरी बोलायला हवंच.

दादा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, वहिनी या घरात एकटीच असते. तिने मला पाटी आणि खडू आणून दिला आणि लगेच कामालाही लावलं. "वन्सं, माझे गुडघे गेले बघा. परसातल्या कोंबड्यांसाठी वाकायला होत नाही. तेवढं तुम्ही बघा." बिचारी. मी मान डोलावली. दुपारी पाहते तर ती स्टुलावर चढून पडदे काढत होती. अशा गुडघ्यांनी हे करू नये, असं मी पाटीवर लिहून दाखवलं. "चढताना नाही दुखत, वाकताना दुखतात," ती म्हणाली आणि स्टुलावरून उडी मारून उतरली.

७ मार्च

सात कोंबड्या आहेत. नावं वहिनीची. मुकादमीण, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, भोपळी, पितळी, आळशीण आणि टाचणी. एक लाकडी खुराडं, त्यापुढे जाळी लावलेलं अंगण, कपडे धुवायच्या दगडाशी एक गळका नळ.

मी समाजव्यवस्थेवर पुष्कळ वाचलं आहे, पण इतकी उघडीनागडी उतरंड कुठल्या पुस्तकात पाहिली नव्हती. दाणे टाकले की मुकादमीण आधी. तिचं झालं की जावा. मग बाकीच्या. टाचणी सगळ्यांत शेवटी, आणि तेही मातीत उरलंसुरलं. ती पांढरी, बारीक ठिपक्यांची, नावाप्रमाणेच सुकडी. माझ्या पायाशी येऊन उभी राहते आणि मान तिरकी करून एका डोळ्याने पाहत बसते. मी आज बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि टाचणीला माझ्या हाताने दाणे खाऊ घातले. मुकादमिणीने माझ्या बुटावर चोच मारली. प्रस्थापितांची प्रतिक्रिया नेहमी अशीच असते.

९ मार्च

सकाळी खुराडं झाडताना विष्ठेत एक पांढरा दोरा दिसला. काडीने उचलला तर तो हलला. वीतभर नसेल, पण बोटाएवढा होता. पाटी घेऊन धावत आत गेले.

वहिनी कणीक मळत होती. तिने पाटी वाचली, हात धुतले, बाहेर आली, काडीवरचा प्रकार पाहिला. "जंत आहेत, वन्सं. तरीच अंडी कमी झाली." मग तिने एकेक कोंबडी उचलून छातीखाली बोटं फिरवली. सहा जणींना जरा नाक मुरडलं. टाचणीपाशी मात्र थांबली. "इथे हात लावा."

छातीचं हाड पातळ कातडीखाली सुरीच्या पात्यासारखं लागलं. दोन्ही बाजूंना मांस असं नाहीच. तुरा गुलाबी असायला हवा, तो धुतलेल्या फडक्यासारखा फिकट. मी दोन दिवस तिला मूठमूठ दाणे चारत होते आणि ते तिच्या पोटात दुसरेच कुणी खात होते.

"वाचेल का?" मी लिहिलं.

"औषध पोटात गेलं तर वाचेल," वहिनी म्हणाली.

१० मार्च

आगपेटीत नमुना घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण आहे, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, बोलणं तोडून. माझ्या हातात पाटी पाहून तिला वाटलं मी बहिरी. ती माझ्या कानाशी ओरडली, "किती दिवस झाले?" माझ्या सभांनाही इतका मोठा आवाज लागत नसे. वहिनी हसून हसून भिंतीला टेकली.

तिने नमुना काचेवर पसरला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. शेकडो लंबगोल अंडी, जाड कवचाची, एकमेकांवर रेललेली. ती मातीत महिनोन् महिने तग धरतात, कोंबडी माती टोचते आणि पुन्हा सगळं सुरू होतं. एवढंसं शोषण, पण काय शिस्त.

डॉक्टरणीने एक बाटली आणि सुई नसलेली सिरिंज दिली. प्रत्येकीचं वजन करायचं, वजनाप्रमाणे औषध मोजायचं, प्रत्येकीला धरून चोचीच्या कडेने पाजायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा. खुराड्यातला भुसा बदलायचा, जागा कोरडी ठेवायची, अंगणातली वरची माती खरवडून काढायची. मधल्या काळातली अंडी खायची नाहीत.

"पाण्यात घातलं तर?" मी लिहिलं.

"चालतं, मोठा कळप असला तर. पण तुमच्या सातच आहेत. कोण किती प्यायलं ते पाण्यात कळत नाही. एकेकीला पाजा."

११ मार्च

मी पाण्यात घालायचं ठरवलं आहे. का ते इथे नीट लिहून ठेवते, कारण घाईने घेतलेला हा निर्णय नव्हे.

माझी पहिली लढाई एका नळावरून झाली. कारखान्यात साहेबांचा नळ वेगळा होता आणि बायांचा वेगळा, आणि बायांच्या नळाचं पाणी गंजाने लाल यायचं. मी बावीस वर्षांची होते. एका पिंपावर उभी राहून म्हणाले की तहान सगळ्यांची एकच असते, तेव्हा पाणीही एकच हवं. संपाच्या अकराव्या दिवशी तो नळ आम्हाला मिळाला. त्यानंतर मी जे काही बोलले ते त्या एका वाक्याचाच विस्तार होता. आता म्हातारपणी मी एका कोंबडीला इतकं आणि दुसरीला तितकं मोजत बसू? सगळ्या एकाच भांड्याशी येतील, एकच पाणी पितील, एकदमच बऱ्या होतील.

वहिनी म्हणाली, "वन्सं, डॉक्टरीण एकेकीला म्हणाली होती."

मी तीन पाट्या भरून लिहिलं. तिने तिन्ही सावकाश वाचल्या, मधे एकदा चष्मा पुसला. शेवटी म्हणाली, "बरं."

इतक्या सरळ पटलेला श्रोता मला फार वर्षांत भेटला नव्हता.

१२ मार्च

सकाळी इतर सगळं पाणी काढून घेतलं. मोठं चिनीमातीचं भांडं अंगणाच्या मधोमध ठेवलं, त्यात औषध मोजून घातलं. तासभर उपाशी तहानलेल्या ठेवल्या होत्या, त्यामुळे सगळ्या धावल्या. मुकादमीण, दोन्ही जावा, भोपळी, पितळी, आळशीण, सहाही जणी माना वर करकरून प्यायल्या. टाचणीही भांड्यापाशी होती. नंतर तिने जमिनीवर चोच पुसली, पाणी पिऊन झाल्यावर पुसतात तशी. भांडं दुपारपर्यंत रिकामं झालं. मन भरून आलं.

१५ मार्च

विजय. तीन दिवस सकाळी भुशात मेलेले जंत मिळत आहेत. मी ते फडक्यावर मांडून मोजले आणि वहिनीला दाखवले. "जेवायच्या आधी नको हो," ती म्हणाली.

दोघींनी मिळून जुना भुसा काढला, खुराडं धुऊन उन्हात ठेवलं, अंगणातली चार बोटं माती खरवडली. वहिनी फावडं मारत होती आणि बोलत होती. हल्ली ती फार बोलते. पूर्वी मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे तेव्हा ती चहा ठेवून निघून जायची, दहा शब्दांच्या वर तिचं कधी गेलं नाही. मला वाटायचं तिचा स्वभावच अबोल. आता सकाळपासून चालू असते. दादाला लग्नाआधी तिने दोनदा नाही म्हटलं होतं, हे मला आज कळलं. शाळेत तिचा नकाशे काढण्यात पहिला नंबर यायचा, हेही. घराच्या मागच्या भिंतीला तिने एकटीने गिलावा केला. वयोमानाने असं होत असावं, माणसं सैल होतात. मी ऐकून घेते. दुसरं करूही काय शकते.

जाता जाता तिने विचारलं, "टाचणीचं वेगळं पाहिलंत का, तिच्या पोटातून काही पडलं का?"

कुणाचंही वेगळं पाहायचं नाही हेच तर तत्त्व आहे, असं मी लिहिलं.

"बरं," ती म्हणाली.

१८ मार्च

टाचणी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली आहे. दाणे हातावर दिले तरी चोच लावत नाही. डोळ्यांवर पापणी ओढून घेते, मी जवळ गेले की अर्धी उघडते आणि पुन्हा मिटते. बाकीच्या सहा जणींचे तुरे चांगले लाल झाले आहेत. मग हिलाच काय झालं?

१९ मार्च

आज सकाळभर मी पालथ्या बादलीवर बसून होते. पाण्याचं भांडं भरून ठेवलं आणि फक्त पाहिलं.

मुकादमीण भांड्याशी उभी होती. टाचणी उठली, हळूहळू आली, भांड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुकादमिणीने तिला मारलं नाही. चोचही उगारली नाही. नुसती मान वर करून पाहिलं. टाचणी दोन पावलं मागे सरली, खाली वाकली आणि कोरड्या जमिनीवर चोच पुसली. पाणी न पिताच. मग धुण्याच्या दगडाकडे गेली आणि गळक्या नळाखाली साचलेल्या ओलीत चोच बुडवून प्यायली.

त्या दिवशीही तिने हेच केलं असणार. मी तिथेच होते, डोळ्यांदेखत झालं, आणि मी या वहीत "मन भरून आलं" असं लिहिलं. औषधाचा एक थेंब तिच्या पोटात गेला नाही. मी सगळं पाणी काढलं आणि नळ विसरले. तोही नळच.

मुकादमाला मारावं लागत नाही, नुसतं पाहावं लागतं, हे वाक्य मी किमान दोनशे सभांमध्ये म्हटलं आहे. बायका टाळ्या वाजवायच्या. आणि इथे सात कोंबड्यांच्या अंगणात मला ते दिसलं नाही. मी भांडं मधोमध ठेवलं आणि समजले की माझं काम झालं.

वहिनीला सांगायला हवं.

१९ मार्च, दुपार

सांगितलं. एका पाटीत मावलं. "चूक माझी. तिने प्यायलंच नाही. मी पाहिलं नाही."

वहिनी चकित झाली नाही. मी पुसून पुढे लिहिलं, "तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग अडवलं का नाहीस?"

"तुम्ही लिहिलं होतं ते मला पटलं होतं हो. सगळं खरंच होतं. पण ते कोंबड्यांना कुणी वाचून दाखवायचं?" मग पाटी माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. "आणि वन्सं, तुम्हाला या घरात कुणी कधी अडवलंय? तुमचा भाऊसुद्धा तुम्ही आलात की रेडिओ बंद करून बसायचा. मलाच त्या दिवशी बोलायला हवं होतं. तोंड तर माझंच चालू होतं."

ही चूक तिने अर्धी स्वतःकडे ओढली. मी नको म्हणून मान हलवत होते, पण तोपर्यंत ती चपला घालून डॉक्टरणीकडे निघाली होती.

डॉक्टरीण आली. टाचणीचं पोट चाचपलं आणि रागावली नाही, तेच जास्त लागलं. पोटात जंत फार झाले आहेत. पूर्ण औषध दिलं आणि सगळे एकदम मेले तर त्यांचाच गोळा आतड्यात अडकू शकतो. म्हणून आधी कमी मात्रा, तीन दिवसांनी पुढची. वेगळी ठेवायची, ऊब द्यायची, मऊ शिजवलेलं थोडंथोडं भरवायचं. "रविवारपर्यंत टिकली तर टिकली," ती मला म्हणाली, आणि या खेपेला ओरडली नाही.

२० मार्च

टाचणी माझ्या माडीवरच्या खोलीत, टोपलीत. दर दोन तासांनी चमचाभर. गिळते, पण उपकार केल्यासारखी.

पाजायचं कसं ते वहिनीने शिकवलं. कोंबडी काखेत धरायची, पंख दाबून. अंगठ्याने चोच उघडायची, सिरिंज कडेने लावायची, थेंब थेंब सोडायचं, तिने गिळलं की पुढचा. घाई केली तर श्वासनळीत जातं. मी तीनदा सिरिंज लावून मागे घेतली. पाच हजार लोकांपुढे बोलणं याहून सोपं.

२१ मार्च

काही फरक नाही.

२२ मार्च

दुपारी दुसरी मात्रा दिली. तासाभराने ती टोपलीत आडवी पडली, मान लांब, पाय ताठ, चोच उघडी. वहिनी मागच्या बाजूला कपडे धूत होती, नळ चालू होता. हाक मारायला माझं तोंड उघडलं. आवाज अगदी ओठांशी आला होता. तीन आठवडे पाळलेलं सगळं त्या एका हाकेत गेलं असतं. मी पाटी उचलली आणि दाराच्या चौकटीवर आपटत सुटले, ती फुटून तिचे तुकडे होईपर्यंत.

वहिनी दोन-दोन पायऱ्या टाकत वर आली. हात फेसाने भरलेले. वेळ आली की दुखरे गुडघेही माणसाचं ऐकतात.

"सरका." तिने टाचणीला मांडीवर घेतलं, पोटाखालून हळूहळू मागे चोळत राहिली. बोलत होती, तिच्याशी की माझ्याशी ते कळेना. "जाऊ दे बाई, सगळं जाऊ दे. घाबरू नको. इथे आहोत ना आम्ही. कुठे जात नाही." मी टाचणीचं डोकं तळहातावर धरलं होतं. ते इतकं हलकं होतं की मी सारखी पाहत होते, ते अजून तिथे आहे ना.

कितीतरी वेळाने वहिनीच्या मांडीवर घाण झाली. त्यात जंतांचा एक अख्खा गुंता होता, सुतळीच्या गुंडीसारखा. वहिनीने तो पाहिला आणि डोळे पुसले. फेसाचाच हात, म्हणून ते आणखी चुरचुरले.

संध्याकाळी टाचणीने स्वतः मान उचलून पाणी घेतलं.

२४ मार्च

रविवार उलटला. टोपलीतून बाहेर उडी. माझ्या उशीवर घाण. वहिनी म्हणते, "आता बरी आहे."

२६ मार्च

सगळ्यांची दुसरी पाळी. आज वजनकाटा, बादली आणि वही. मी एकेकीला बादलीत बसवून तोलायचं, वहिनीने मोजायचं, मी धरायचं, तिने पाजायचं. भोपळी सगळ्यांत जड. पितळीने माझ्या हातावर ओरखडे काढले. आळशीण काखेतच झोपली.

मुकादमीण शेवटी आली. मी तिला घट्ट धरलं, जुना हिशेब मनात होता. तिचं काळीज माझ्या बरगड्यांशी इतक्या जोरात धडधडत होतं की मी पकड सैल केली. तीही घाबरते. हे मी आधी कधी कुठल्या मुकादमाबद्दल लिहिलं नव्हतं.

अंगणात आता दोन भांडी आहेत. एक मधोमध, दुसरं खुराड्याच्या मागे, जिथे मधल्या भांड्याशी उभ्या असलेल्या मुकादमिणीची नजर पोचत नाही. टाचणी अजूनही दाण्यांना शेवटीच जाते. ते मला बदलता आलं नाही. पण पाणी तिला मिळतं. नळाला वहिनीने नवा वायसर घातला, वाकून.

२ एप्रिल

नवीन पाटी आणलेली नाही. हातवाऱ्यांवर भागतं, आणि बरेचदा त्यांचीही गरज पडत नाही.

आज भाजी निवडताना वहिनी मधेच म्हणाली, "आवाज आला की जाणार ना तुम्ही?" मी मान हलवली, हो. सभा ठरल्या आहेत. ती पुन्हा भाजी निवडू लागली. दुपारभर गप्प होती. गुडघे दुखत असावेत. मी गेल्यावर कोंबड्यांचं कोण बघणार याची तिला काळजी लागली असणार, आणि ती रास्त आहे. टाचणीचं वजन अजून पुरतं भरलेलं नाही. मी संघटनेला पत्र लिहून कळवलं की एप्रिलच्या सभा दुसऱ्या कुणी घ्याव्यात. तरुण पोरी आहेत, चांगलं बोलतात.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं." पण हे "बरं" निराळं होतं. रात्रीच्या जेवणाला तिने दोन गोड पदार्थ केले.

७ एप्रिल

सकाळी घशाचे डॉक्टर. गाठींची जागा भरली आहे. आजपासून दिवसाला पाच मिनिटं बोलायला परवानगी, हळू आवाजात. वाटेत मी काही बोलले नाही. पहिलं वाक्य काय असावं याचा विचार करत होते. चाळीस वर्षांचा सराव, पण सुचेना.

तिथून जनावरांच्या दवाखान्यात, टाचणीचा नमुना घेऊन. डॉक्टरणीने काच सरकवत सरकवत सगळी तपासली. एकही अंडं नाही. घरी तोललेलं वजन तिने १९ मार्चला केलेल्या अंदाजापेक्षा पाव पटीने जास्त. "कसं केलंत?" तिने विचारलं.

बाकावर सात-आठ माणसं होती. कुणाच्या मांडीवर मांजर, कुणाजवळ शेळी, एका बाईच्या पिशवीत दोन कोंबड्या. वहिनी उभी राहिली आणि सांगायला लागली. मी वक्ता म्हणून सांगते, भाषण वाईट होतं. सुरुवात मधूनच केली, हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं, आकडे दोनदा चुकले. पण पाण्यात औषध घातलं तर कोण पीत नाही, ती न पिता चोच कशी पुसते, एकेकीला काखेत कसं धरायचं, हे तिने हातांनी करून दाखवलं, आणि शेळीवाल्यानेसुद्धा नकळत आपली काख उघडली. "पाण्याची चूक आमच्या दोघींची," ती म्हणाली, "आणि वाचवलं वन्संनी."

पिशवीवाली बाई माझ्याकडे वळली. "माझी पण एक अशीच सुकली आहे हो. तुम्ही सांगा ना, काय करू?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी घसा साफ केला. आवाज बारीक आला, कुणा परक्या बाईचा वाटावा असा.

"ही सांगते तसं करा."

एवढ्याला चार सेकंदं लागली असतील. उरलेली मिनिटं घरी जाताना वापरायची ठरवली होती, पण वहिनीचं अजून संपलं नव्हतं.